तासाभरात पाहायला हवे

तासाभरात पाहायला हवे.
ग्लिसरीन सगळेच पारदर्शक करीत जाते,
आधी मक्याची सालपटे,
मग अंकुशकृमीची अंडी,
आणि उशिरा आलेल्या डोळ्याला
गाव अगदी ठणठणीत दिसते.

म्हणून टेबल शाळेच्या स्वयंपाकघरातच,
सूक्ष्मदर्शक खिडकीशी,
कारण दहाला वीज जाते.
झेनिल्दा डबे उघडते, काचपट्ट्या करते, मी मोजते.
लोण्याचे डबे, काडेपेट्या, औषधाच्या बाटलीची टोपणे.
ओनोफ्रेआजोबांनी पेरूच्या वडीचा टिन पाठवला,
वर लाल रिबन.
"डॉक्टरीणबाईंना द्या. घरचे आहे."
हसू आवरेपर्यंत तीन मिनिटे गेली.

मी डॉक्टरीण नाही.
मी मुकुरी नदीच्या याच काठची,
कसाव्याच्या वाफ्यांत अनवाणी वाढलेली.
घरामागची केळीची बाग हाच आमचा संडास,
सावलीचा, गार, बोटांच्या बेचक्यांत
मऊ चिखल वर येई.
मग दोन-तीन दिवस खाज.
आई राख चोळायची, थांबायची खाज.
ती थांबली तेव्हा तो आत पोचलेला असे,
हे आईला कुणी सांगितले नव्हते:
रक्तातून फुप्फुसात, खोकल्यासरशी घशाशी,
आणि तिथून पुढे
आपणच त्याला गिळतो, आवंढ्यासारखा.

इकडे या दुखण्याला 'मोठा पिवळा' म्हणतात,
कुणी थोरला काका असावा तसे.
तो आमच्याकडे वाल्दिविनोपाशी राहिला.
माझा भाऊ चुलीमागची माती खरवडून खायचा,
चढावर अर्ध्यात बसायचा,
पाटीवर डोके टेकून झोपायचा.
मास्तरांनी प्रगतिपुस्तकात एकच शब्द लिहिला,
आळशी.
वडिलांनी तो शब्द वाचता येत नसून पाठ केला.
आज तो शहरात रात्रपाळीचा पहारेकरी आहे,
पायात जाडजूड बूट,
कित्येक वर्षांत एक डुलकी नाही.
तरी फोनवर म्हणतो, "मी मुळातलाच आळशी गं."
हे अंडे कुठल्या गोळीने पडते, मला माहीत नाही.

मोजणीच्या वहीत गाव असे दिसते:
पहिल्या फेरीत शंभरात एकोणसत्तर.
गोळी दिली, तीन आठवड्यांनी बावीस.
त्या दिवशी नगरपालिकेचा माणूस फोटो काढून गेला.
दीड वर्षाने बासष्ट.
गोळी आतडे झाडते,
केळीची बाग कोण झाडणार?
बारा पक्के संडास बांधले, त्यातल्या चारांत
भोपळे ठेवलेत लोकांनी.
काय करतील, गावात न गळणारी छपरे तेवढीच.

एकशे तेरावी पट्टी. क्लेदियान, वय सहा.
पातळ कवच, आत चार गोल दाणे,
काचेच्या शेंगेतले वाटाणेच जणू.
सुंदर असतात, हे वहीत लिहायला रकाना नाही.
बोटाखाली गणक टकटकतो.
एक्केचाळीस. बेचाळीस.
आलेल्या आकड्याला चोवीसने गुणायचे असते,
मी अजून गुणत नाही.

क्लेदियान दारात उभी आहे,
नवे बूट छातीशी धरून.
चिखलाने खराब होतील म्हणून हातात.
"मला बघू दे."
दोन रांगा राहिल्यात, झेनिल्दा घड्याळ दाखवते,
तरी मी स्टूल सरकवते.

एक डोळा मिटून ती बघते.
"फुगे," म्हणते. "माझे?"
"तुझे."
बराच वेळ श्वास धरून बघत राहते.
"हा पुसट झाला. तोपण."
मग मान वर करून, एकदम खूश:
"गेले सगळे!"

मी तिच्या तळहातावर गोळी ठेवते,
चावून खा, म्हणते.
ती तोंड वाकडे करते, चावते,
आणि बूट तसेच छातीशी धरून
बागेतल्या जवळच्या वाटेने घरी निघते.